वेळ कोणाची? धाराशिव जिल्ह्यातील अभ्यासाचा एक इतिहास

१/ दिनांक २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे या गावी महार-मांग वतनदार परिषद भरली होती. परिषदेसाठी आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मुक्काम गावातील शाळेत होता. त्या मुक्कामाची आठवण गावाने आजही जपली आहे. परिषदेचा विषय वतन होता आणि मुक्काम शाळेत होता. वतन आणि शाळा यांचा एकमेकांशी असलेला संबंध हा या धाग्याचा विषय आहे.

२/ अभ्यासाचे वेळापत्रक कसे आखावे, पहाटे कसे उठावे, मन कसे लावावे, याविषयी आज सल्ल्यांची वाण नाही. त्या बहुतेक सल्ल्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. दिवसाचे चोवीस तास विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मालकीचे आहेत आणि ते कसे खर्चायचे एवढाच प्रश्न उरला आहे, असे ते गृहीतक. धाराशिवच्या परिसराचा गेल्या शतकाचा इतिहास पाहिला तर हे गृहीतक टिकत नाही. येथील अनेक पिढ्यांना वेळेचे नियोजन करण्याआधी वेळ मिळवावी लागली.

३/ आधी वतन म्हणजे काय ते पाहू. वतन म्हटले की देशमुखी, पाटीलकी, वाडा आणि मानपान डोळ्यांसमोर येतात. महार वतनाचा अर्थ वेगळा होता. सरकारी निरोप आणि वसुलाची रक्कम पोचवणे, अधिकाऱ्यांच्या दिमतीला राहणे, गावाच्या हद्दीची राखण करणे, दवंडी देणे अशी कामे त्यात येत. मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन आणि बलुत्याचे धान्य मिळे. जमीन पिढ्यांबरोबर वाटली जाई, तिचे तुकडे होत. काम मात्र तेवढेच राही.

४/ या कामाला घड्याळ नव्हते. हाक आली की जायचे, मग ती भर दुपारी असो वा मध्यरात्री. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडताना आंबेडकरांनी नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले होते. वतनदाराला चोवीस तास बांधील राहावे लागते. तो हजर नसेल तर त्याच्या घरातील दुसऱ्या माणसाला कामाला जुंपले जाते. ते विधेयक संमत झाले नाही. तेरा वर्षांनी तडवळ्याची परिषद भरली तेव्हाही प्रश्न जिथल्या तिथेच होता.

५/ आता याचा शाळेशी संबंध पाहावा. बाप परगावी गेला असेल आणि हाक आली, तर मुलगा जाणार. त्या दिवशी शाळा बुडणार. असे दिवस वर्षात किती येतील हे कोणालाच ठाऊक नसे. मुलगा हुशार असो की मेहनती, त्याच्या दिवसाची किल्ली दुसऱ्याच्या हाती होती. वतन सोडा, असे आंबेडकर सांगत, त्यामागे आत्मसन्मानाचा विचार होताच. त्याच विचारात वेळेवरील हक्काचाही एक पदर होता.

६/ स्वतःच्या वेळेसाठी काय करावे लागते हे आंबेडकरांनी लहानपणीच अनुभवले होते. मुंबईत परळच्या डबक चाळीत सारे कुटुंब एका खोलीत राहत असे. त्या गर्दीत अभ्यासाला जागा नव्हती आणि शांतताही नव्हती. वडील रामजी सुभेदारांनी यावर तोड काढली. भीमाने संध्याकाळी लवकर झोपायचे. वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागे राहायचे. मग त्याला उठवायचे आणि आपण झोपायचे. जी खोली दिवसा अभ्यासाला मिळत नव्हती, ती पहाटेपूर्वी मिळू लागली.

७/ ही हकिकत सहसा विद्यार्थ्याच्या जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. तिची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. रात्री दोन वाजता उठणाऱ्या मुलामागे रात्री दोनपर्यंत जागणारा बाप होता. मुलाचे वेळापत्रक बापाच्या जागरणावर उभे होते. अभ्यासाच्या इतिहासात ही दुसरी व्यक्ती वारंवार भेटते. तिचे नाव पदवीवर छापले जात नाही.

८/ पुढे १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ मध्ये लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट होता. १९१७ मध्ये परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके महायुद्धात जहाजासह समुद्रात गेली. अभ्यास तुटला, ग्रंथ गेले, बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्यतेचा दाह वाट्याला आला. हाती एकच गोष्ट उरली होती. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी निघतानाच विद्यापीठाकडून घेतली होती.

९/ ती चार वर्षे त्यांनी मोजून वापरली. १९१८ पासून सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा साठवला. शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज यांची त्यात भर पडली. १९२० मध्ये, मुदत संपण्याआधी, ते लंडनला परतले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ते सकाळी जात आणि ते बंद होईपर्यंत बसत. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पूर्ण झाली. खंड पडला होता, तरी परतीची तारीख त्यांनी डोळ्यांआड होऊ दिली नव्हती.

१०/ तडवळ्याकडून आता जिल्ह्याच्या उर्वरित भागाकडे वळू. आजच्या धाराशिव जिल्ह्याचा बहुतांश प्रदेश तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून धाराशिवचे उस्मानाबाद झाले होते. येथील प्रश्न वतनापुरता नव्हता. सवर्ण घरातील मराठी मुलाचीही काही वर्षे शिक्षणव्यवस्थाच गिळून टाकत असे.

११/ १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने इंग्रजीऐवजी देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग केला. आधुनिक शास्त्रांचे ग्रंथ भाषांतरित करण्यासाठी स्वतंत्र विभाग उभारला. हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. ती देशी भाषा मात्र उर्दू होती, आणि संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलत होती. प्राथमिक वर्गांपुढे गेलेल्या मराठी मुलाला गणित आणि इतिहास शिकण्याआधी ते ज्या भाषेत शिकवले जात ती भाषा शिकावी लागे.

१२/ दिनदर्शिकाही वेगळी होती. सरकारी कागदावर फसली सन आणि आझर, दै, बहमन हे महिने, घरात चैत्र-वैशाख, आणि सोलापूरहून येणाऱ्या वर्तमानपत्रावर इंग्रजी तारीख. साप्ताहिक सुटी शुक्रवारी. एकाच मुलाने तीन कालगणनांत जगायचे. हैदराबाद संस्थानात १९३१ च्या जनगणनेनुसार साक्षरतेचे प्रमाण शंभरांत पाचाच्या आसपास होते. खाजगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी लागे, आणि सभा-संमेलनांवर ‘गश्ती निशान ५३’ या कुप्रसिद्ध हुकमाची टांगती तलवार होती.

१३/ अशा काळात, १९२१ मध्ये, हिप्परगा या आजच्या लोहारा तालुक्यातील खेड्यात व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा सुरू केली. ना शहर, ना रेल्वे, ना सरकारी आश्रय. राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीत मातृभाषेतून शिकवणे, हाताला काम देणे आणि शिस्तीची दिनचर्या या गोष्टींना मोठे स्थान होते. मराठी मुलाची भाषेवर खर्च होणारी वर्षे अशा शाळेने वाचवली. ही वेळेची बचत नव्हे तर दुसरे काय?

१४/ याच शाळेत पुढे व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण मुख्याध्यापक म्हणून आला. त्याचे स्वतःचे शिक्षण तुकड्यातुकड्यांनी झाले होते. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले, तेव्हा या सोलापूरच्या विद्यार्थ्याने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याची प्रतिज्ञा केली. असहकाराच्या लाटेत सरकारमान्य शाळा सोडली. मग राष्ट्रीय शिक्षणाच्या वाटेने टिळक महाविद्यालय गाठले आणि लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहून एम.ए. पूर्ण केले. कामगार नेते ना. म. जोशी यांचे सचिव म्हणून काम केले. त्यानंतर गंभीर आजाराने अंथरूण धरायला लावले.

१५/ आजारातून उठलेला हा माणूस हिप्परग्यात शिक्षक झाला आणि तेथे असतानाच संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाला. संन्यासी म्हणजे जगाकडे पाठ फिरवलेला, ही समजूत त्यांनी खोटी ठरवली. भगव्या वस्त्रांत ते वर्गात उभे राहत. १९३५ मध्ये त्यांनी मोमिनाबादची, म्हणजे अंबाजोगाईची वाट धरली आणि योगेश्वरी नूतन विद्यालयात तेच काम पुढे चालू ठेवले. हिप्परग्याचे सहकारी बाबासाहेब परांजपे तेथेही सोबत होते. शिक्षकांच्या या सोबतीमुळे गाव बदलले तरी काम तुटले नाही.

१६/ येथे कथेला वळण मिळते. ऑक्टोबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला आणि मुख्याध्यापक स्वामीजी तुरुंगात गेले. पाठोपाठ औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातून ‘वंदे मातरम्’ची चळवळ उठली. वसतिगृहात हे गीत गाण्यावर बंदी आली, विद्यार्थ्यांनी ती झुगारली, आणि आंदोलन हैदराबाद व गुलबर्ग्यापर्यंत पसरले. शेकडो विद्यार्थ्यांची नावे महाविद्यालयांतून कमी करण्यात आली. अभ्यासाचे वर्ष एका हुकमाने संपले.

१७/ या मुलांपुढचा पेच खरा होता. घरच्यांनी शेतीच्या उत्पन्नातून किंवा कर्ज काढून त्यांना शिकायला पाठवले होते. माफी मागितली तर वर्ष वाचणार होते. अनेकांनी ती मागितली नाही. अशा वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी आपल्या विद्यापीठाचे दार उघडले आणि संस्थानातून काढलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. नागपूरच्या वाटेने शिकलेल्या या पिढीतील एक नाव पुढे देशाला परिचित झाले: पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव.

१८/ रामजी सुभेदारांचे जागरण आणि केदारांचा निर्णय यांत एक साम्य आहे. दोघांनीही दुसऱ्याच्या अभ्यासासाठी वेळ राखून ठेवली. तुटलेले शिक्षण जोडण्यासाठी विद्यार्थ्याची इच्छा लागतेच. त्याखेरीज त्याला परत घेणारे एखादे दारही लागते. नागपूरचे दार बंद राहिले असते, तर या पिढीतील अनेकांची बुद्धी आणि चिकाटी घरीच बसली असती.

१९/ सगळेच चळवळीत गेले नाहीत. ज्यांनी संस्थानची नोकरी पत्करली त्यांच्यात सेतुमाधवराव पगडी होते. २७ ऑगस्ट १९१० रोजी निलंग्याला त्यांचा जन्म झाला. निलंगा तेव्हा बिदर जिल्ह्यात होते, १९५६ नंतर ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहे. पगडी महसुली अधिकारी होते. दौरे, वसुली, तंटे आणि बदल्या यांत दिवस जाई. सरकारी नोकराचा दिवसही सरकारचाच असतो.

२०/ पगडींनी या पराधीन दिवसाचाच उपयोग करून घेतला. आदिलाबादच्या जंगलपट्ट्यात नेमणूक झाली, तेव्हा ते तेथील लोकांकडून गोंडी व कोलामी शिकले आणि त्या भाषांची व्याकरणे लिहिली. उर्दू त्यांच्यासाठी कचेरीची भाषा होती. तिच्या आधाराने ते फार्सीत उतरले. मोगल दरबाराची बातमीपत्रे मराठीत आणली. काही काळ नळदुर्गात राहिलेल्या भीमसेन सक्सेना या मोगल सेनेतील कारकुनाची आठवणवजा बखर मराठी वाचकाला दिली. शिवकाळाची मोगल बाजू मराठीत वाचणारा प्रत्येक जण आज त्यांचा ऋणी आहे.

२१/ पगडींच्या उदाहरणातून एक व्यवहार्य गोष्ट हाती लागते. ज्याला सलग वेळ मिळत नाही, त्याने रोजच्या कामाला लागून असलेला विषय निवडावा. कामाच्या वाटेवरच अभ्यास भेटला की त्यासाठी वेगळी वाट चालावी लागत नाही. मात्र ही युक्ती ज्याच्या हाती कागद, पद आणि पगार आहे त्याला साधते, हेही विसरता येत नाही. वतनाच्या हाकेला धावणाऱ्या मुलाला ती सांगणे क्रूरपणाचे ठरले असते.

२२/ १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजांनी पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतले आणि १७ सप्टेंबरला संस्थान शरण आले. त्यापूर्वीचे वर्षभर कित्येक तरुण कॉलेज सोडून सोलापूर-बार्शीकडच्या सीमेवरील छावण्यांत होते. आता शिक्षणाची व्यवस्था नव्याने लावायची होती. मराठी माध्यम आले. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने मुंबई राज्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द करण्याचे पाऊल उचलले. एकीकडे विद्यापीठ आले आणि दुसरीकडे वतन कायद्याने मोडीत निघाले.

२३/ आंबेडकरांनी त्याआधीच स्वतःच्या अनुभवाला संस्थेचे रूप दिले होते. १९४६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथील वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्याला वर्गातून थेट कामावर जाता येई. १९५० मध्ये औरंगाबादला याच संस्थेचे महाविद्यालय निघाले, तेच पुढचे मिलिंद. परळच्या खोलीत एका बापाने एका मुलासाठी जी सोय केली होती, ती आता हजारोंसाठी झाली.

२४/ हा इतिहास संपलेला नाही. दिवाळीच्या सुमारास कळंब, भूम, वाशी, परंडा या भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत त्या कुटुंबाचा वेळ मुकादमाच्या हिशेबात असतो. आईबापांमागे मुले गेली की शाळा मध्येच तुटते. मुलांना गावातच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे याच प्रश्नाचे उत्तर म्हणून आली. आजी-आजोबांच्या देखरेखीखाली गावात राहिलेले मूल हे त्याच जुन्या साखळीतले आहे. त्याच्या अभ्यासासाठी कोणीतरी आपली वेळ देत असते.

२५/ धाराशिव, तुळजापूर, उमरग्याच्या अभ्यासिकांत आज स्पर्धापरीक्षांची तयारी करणारे तरुण सकाळपासून दिवे मालवेपर्यंत बसलेले दिसतात. एखादी परीक्षा हुकते, घरी कोणी आजारी पडते, पैसे संपतात, आणि वर्ष वाया गेल्याची बोच लागते. त्यांच्यासाठी या इतिहासात दोन नोंदी आहेत. पहिली अशी की येथे ज्यांची नावे घेतली त्यांच्यापैकी फार थोड्यांचा अभ्यास सलग झाला. आंबेडकरांचा तीन वर्षे थांबला, खेडगीकरांचा चळवळीने तोडला, नागपूरला गेलेल्यांचा हुकमाने संपवला. ते परत आले, कारण कोठे परतायचे आहे हे त्यांना माहीत होते.

२६/ दुसरी नोंद अभ्यासिकेबाहेरच्यांसाठी आहे. अभ्यासात मन लागत नाही, या तक्रारीमागे कधी आळस असतो, आणि कधी दुसऱ्याच्या मालकीचा दिवस असतो. दोन्हींवर एकच उपदेश चालत नाही. पहिल्याला शिस्त हवी. दुसऱ्याला आधी मोकळीक हवी, आणि ती बहुधा दुसऱ्या कोणीतरी द्यावी लागते.

२७/ तडवळ्याच्या परिषदेला जमलेले लोक फेब्रुवारीत, म्हणजे ज्वारीच्या सुगीच्या दिवसांत आले होते. गावची कामे आणि गावकीच्या हाका मागे ठेवून त्यांनी ते दोन दिवस स्वतःच्या नावावर करून घेतले. त्यांच्यातील अनेकांना लिहिता-वाचता येत नसेल. पुढची पिढी शाळेत बसली, त्या पिढीच्या वेळापत्रकाचा पहिला तास या लोकांनी मिळवलेला होता.

(धागा समाप्त)